सहाव्या प्रश्नातले दगड

नाही, पण मी म्हणतो, पेपर सुटल्यावर थांबायचंच कायले? घंटा वाजली, मास्तरानं कापी हातातून ओढून घेतली, दौत उचलली, टाक खिशात घातला, तं सरळ घरी जावं ना माणसानं. पण नाही. फाटकाबाहेर यायचं, चिंचेखाली उभं राहायचं, अन् ‘तुझं काय आलं, तुझं काय आलं’ करत बसायचं. काय होते त्याच्यानं? लिहिलेलं बदलते काय? कापी तिकडे गठ्ठ्यात बांधून झाली, लाखेची मोहर लागली, चालली नागपूरले. आता तुम्ही चिंचेखाली रडा नाही तं नाचा, त्या कापीले काही ऐकू येते काय? तुम्हाले सांगतो, पेपर सुटला का सरळ घरी जावं. मी नाही गेलो. अन् नाही गेलो तं नाही गेलो, गुपचूप तरी राहावं… तेही नाही.

आता सांगायलाच बसलो तं नीट सांगतो. मी शालीकराम, कामठ्याचा. घरी धानाची शेती, अन् घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला मी पहिलाच, म्हणून मले गोंदियाले खोली करून दिली होती. चार वर्षं झाली याले. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, अन् परीक्षेचं बोर्ड नागपूरचं. खोलीत माझ्यासंगं जागेश्वर राहत होता, बोदलकसाचा. बाप लहानपणीच गेलेला, तो अन् त्याची माय रुख्माबाई, दोघंही त्याच्या मामाकडे, बकाराममामाकडे राहत. मामाची थोडीशी शेती, अन् बोदलकसाच्या तलावात मासोळ्यांचं काम. एक डोंगा होता त्याचा, म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली लहान नाव. जागेश्वर त्या डोंग्यातच लहानाचा मोठा झाला म्हणा ना.

हा जागेश्वर कसा माणूस? तं बोलायचाच नाही. मी एक तास बोललो तं तो एक वेळ ‘हं’ म्हणे. भात तो शिजवे, भांडी तो घासे, गणितं तो सोडवे, अन् बोलायचं काम तेवढं माझ्याकडे. अशी आमची वाटणी. मले वाटे बरोबर वाटणी आहे.

मामानं त्याले साफ सांगून ठेवलं होतं, “एक डाव बस परीक्षेले. पास झाला तं पुढं पाहू. नाही तं रामलाल ठेकेदार तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी पाहून राहिला आहे, लिहिता-वाचता येणारा. त्याच्या ट्रकात बसून जायचं.” अन् तो ट्रक निघणार होता कधी? तं फिजिक्सच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. अन् आमचा शेवटचा पेपर, भूगोल, तो होता त्याच्याही दुसऱ्या दिवशी. म्हणजे पास होतो का नाही, ते जागेश्वरनं निकालाआधीच आपलं आपण ठरवायचं. आता हे सारं मले माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सांगतो, पेपर सुटला का…

बरं, पेपर तरी कसा? त्या साली फिजिक्सचा पेपर कोणत्या माणसानं काढला होता, त्याचा अन् आमचा काय जुना झगडा होता, आजपर्यंत समजलं नाही. पहिला प्रश्न वाचला, वाटलं हा सोडू, दुसरा पाहू. दुसरा वाचला, वाटलं पहिलाच बरा होता. भिंग होतं, आरसा होता, विजेची तार होती, एक गोळा उतारावरून घरंगळून राहिला होता, अन् तो खाली किती वेळात पोचते ते मले विचारून राहिला होता. मले काय माहीत? मी माझ्याच काळजीत होतो. बाजूच्या बाकावर आमचा केवलराम, गोंदियाच्या कापडदुकानदाराचा पोरगा. त्यानं छताकडे असं पाहिलं का जसा पेपर तिथंच लिहिलेला आहे.

अन् मंग आला सहावा प्रश्न. शब्दाशब्दानं पाठ आहे मले. “शांत तळ्यात एक नाव तरंगत आहे. नावेत दगड आहेत. नावेतील माणूस ते सर्व दगड तळ्यात टाकतो. तळ्यातील पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तितकीच राहील? आकृती काढून सकारण लिहा. गुण बारा.”

मले इतका आनंद झाला का काय सांगू. म्हटलं, साऱ्या पेपरात एक तरी प्रश्न माणसानं माणसाले विचारावा असा आहे. दगड पाण्यात टाकला तं काय होईल? पाणी वर येईल. याले काय फिजिक्स लागते? घागरीत हात घातला तरी पाणी वर येते. मी लिहिलं, “पातळी वाढेल, कारण दगड जागा घेतो.” खाली पट्टी ठेवून रेघ मारली. दोन मिनिटांत बारा गुण. राहिलेल्या वेळात दोन प्रश्नांत काहीबाही लिहिलं, दोन कोरे सोडले.

अन् जागेश्वर? तो त्या एका प्रश्नावर पाऊण तास बसला. मले मागून दिसून राहिलं होतं. मान खाली, टाक चालूच. म्हटलं, हा काय लिहून राहिला एवढा? मंग समजलं, त्यानं आकृतीत मामाचा डोंगाच काढला होता. डोंगा, डोंग्यात दगड, हातात बांबू घेऊन उभा असलेला मामा, खाली पाण्याची रेघ. टोपीसकट मामा. त्याच्यात वेळ गेला, अन् त्याचेही दोन प्रश्न राहिले.

घंटा झाली. बाहेर आलो. अन् तुम्हाले सांगतो, इथंच… इथंच सायकल काढायची होती.

फाटकाबाहेर चिंचेखाली सुलोचनाबाई भजे अन् चहा विकायची. आम्ही तिघं तिथं उभे. केवलराम म्हणते, “यार, ये पेपर तो अपुन के लिए थाच नहीं. किसी और का आ गया.” मी हसलो. मनात हिशोब चालू, किती कोरे, किती अर्धे. तेहतीसले पास, अन् प्रत्येक विषयात तेहतीस पाहिजेत. माझं होऊन होऊन एकच उत्तर पक्कं होतं, दगडाचं. बुडणाऱ्या माणसानं फळी धरावी तसं मी ते उत्तर धरून ठेवलं होतं. हे मी आज सांगतो. तेव्हा कोणी सांगितलं असतं तं मारायले धावलो असतो.

म्हटलं, “सहावा तरी सोपा होता ना. पाणी वाढते.”

केवलराम म्हणते, “हाँ, और क्या. पत्थर डालेगा तो पानी ऊपरच आएगा.”

अन् जागेश्वर, जो कधी बोलत नाही तो जागेश्वर, हळूच म्हणते, “कमी होते गा.”

“काय कमी होते?”

“पाणी. पातळी खाली जाते.”

आता पाहा, त्या वेळेले मी त्याले विचारायले पाहिजे होतं, का बाबा, कसं काय? पण मी नाही विचारलं. कारण तो खरा असला तं माझे बारा गेले, अन् बारा गेले तं मी गेलो. मंग माणूस काय करते? मोठ्यानं बोलते. मी म्हटलं, “वेडा झाला काय बे? तलावात दगड टाकले अन् पाणी कमी झालं? मंग तुझा मामा रोज दगड टाकून तलाव कोरडा करते काय?” चार पोट्टे जमले. सारे हसले. पोट्टे हसले का मले आणखी जोर चढते, हा माझा जुना रोग आहे.

तो म्हणते, “दगड आधी नावेत होते ना. नाव त्यांच्या वजनानं आधीच खाली दबली होती.”

मी म्हटलं, “नाव दबो नाही तं उडो. थांब, तुले दाखवतोच.” सुलोचनाबाईचा लोटा उचलला, अर्धा पाण्यानं भरला, खालून एक गोटा घेतला अन् टाकला. पाणी वर. साऱ्यांनी पाहिलं. सुलोचनाबाई ओरडली, “माझ्या लोट्यात दगड कायले टाकून राहिला रे?” मी म्हटलं, “काकू, फिजिक्स आहे.” ती म्हणते, “तुझं फिजिक्स तुझ्या घरच्या लोट्यात कर.”

बाई शहाणी होती. घरी जा म्हणून तिनंही सांगितलं मले.

जागेश्वर म्हणते, “असं नाही गा. बादली पाहिजे. बादलीत वाटी तरंगू द्यायची, वाटीत गोटा ठेवायचा, पाण्याची खूण करायची. मंग गोटा उचलून पाण्यात टाकायचा अन् पाहायचं.” सुलोचनाबाईजवळ बादली होती. वाटी होती. गोटा माझ्या हातात होता. पाच मिनिटांचं काम. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, “राहू दे रे, आता काय खेळत बसायचं. उत्तर सरळ आहे.”

का म्हटलं मी तसं? तुम्हीच सांगा. मले पाण्याची भीती वाटली. त्या बादलीत माझे बारा गुण होते, अन् ते तसेच झाकलेले राहावे असं मले वाटलं.

खोलीवर येता येता तो सायकलच्या बाजूनं पायी चालून राहिला होता. मंग म्हणते, “मी हिशोब केला. सहावा बरोबर असला तं मी पास. चूक असला तं सत्तावीसच्या वर नाही जात.” थोड्या वेळानं पुन्हा, “शालीक, तुले पक्कं माहीत आहे ना? पाणी वाढते म्हणून?”

तुम्हाले सांगतो, आयुष्यात मले कोणी इतक्या विश्वासानं काही विचारलं नाही. ना त्याच्या आधी, ना त्याच्या नंतर. मले म्हणता आलं असतं, नाही गा, पक्कं नाही. चार शब्द. जीभ काय झिजली असती?

मी म्हटलं, “पक्कं.”

त्यानं ‘हं’ म्हटलं. खोलीवर पोचलो, त्यानं भात मांडला, मले म्हणते पाहत राहा, अन् रामलालच्या गोदामाकडे जाऊन आला. परत आला तं पेटी बांधायले बसला. पुस्तकं माझ्याकडे सरकवली, म्हणते, “भूगोलाचा नकाशा यात आहे, तुले लागेल.” मी म्हटलं, “अरे, भूगोल तरी दे.” तो म्हणते, “एका विषयात नापास तो नापासच ना. मंग भूगोल कायले? ट्रक चुकला तं तेही काम जाईल.” अन् हे असं बोलला का जसं दुसऱ्याच कोणाचं सांगून राहिला आहे. सकाळी मी उठलो तं डेचकी घासून पालथी ठेवलेली होती अन् तो नव्हता.

मी भूगोल दिला. त्याच्या नकाशावर अभ्यास करून दिला.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास. तिसरा वर्ग, पण पास. कामठ्यात मायनं साखर वाटली. पुढं मार्कांचे कागद शाळेत आले म्हणून घ्यायले गेलो, तं आमचे केशोराव मास्तर, फिजिक्सचे, कागद हातात घेऊन बसले होते. मले म्हणतात, “शालीकराम, तुला फिजिक्समध्ये चौतीस. देव आहे म्हणायचा.” अन् मंग दुसरा कागद उचलला. “आणि हा जागेश्वर भूगोलाला कुठे मेला होता?”

मी म्हटलं, “काऊन सर?”

“काऊन म्हणजे? सगळ्या विषयांत पास आहे पोरगा. फिजिक्समध्ये एक्केचाळीस. भूगोलाला गैरहजर, म्हणून नापास.”

मी तिथंच बाकावर बसलो. म्हटलं, “सर, तो सहावा प्रश्न… नावेचा. पाणी वाढते ना?”

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं का ते चौतीसही परत घेतील असं वाटलं. शिपायाले बादली आणायले सांगितली. चहाची वाटी पाण्यावर ठेवली, वाटीत गोटा, बादलीले खडूची खूण. म्हणतात, “वाटीत आहे तोवर गोटा आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. बुडाला की फक्त आपल्या आकाराइतकं. गोटा पाण्यापेक्षा जड. मग जास्त कोणतं?” अन् गोटा उचलून पाण्यात टाकला. पाणी खडूच्या रेघेखाली गेलं. बोटभरही नाही, पण गेलं. मी खाली वाकून पाहिलं, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. गेलेलं होतं.

पाच मिनिटांचं काम होतं हो. सुलोचनाबाईजवळ बादली होती.

दिवाळी झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो. आधी कायले नाही गेलो? तोंड नव्हतं दाखवायले. पॅसेंजरनं तिरोड्यापर्यंत, तिथून बोदलकसा पायी, खिशात त्याचा मार्कांचा कागद अन् पुढच्या परीक्षेचा फॉर्म. जागेश्वर घरीच होता, उन्हानं पार काळा झालेला, हाताले गोदामातल्या तेंदूपत्त्याचा वास. मी सारं सांगितलं. बादली, खडू, एक्केचाळीस. त्यानं कागद वाचला, घडी केली. म्हणते, “मले वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?”

“पाणी खाली जाते म्हणून. लहानपणापासून डोंग्यात बसतो मी. पण तू एवढ्या जोरानं सांगून राहिला होता, मले वाटलं, पुस्तकात तसं असेल.”

त्यानं मले शिव्या द्यायच्या होत्या. मी तयारी करून आलो होतो. तं म्हणते, “अन् तुले किती?” मी म्हटलं, “चौतीस.” म्हणते, “चाल, एक तं पास झाला.” आता याले काय म्हणावं?

फॉर्म त्यानं ठेवून घेतला. भरला नाही. आधीच सांगून टाकतो, नाही तं तुम्ही वाट पाहत बसाल. रामलालनं त्याले पुढच्या सालासाठी ठेवून घेतलं होतं, त्या पैशानं मायले जरा आराम पडला होता, अन् एकदा सुटलेलं मन पुन्हा पुस्तकात बसत नाही म्हणे. अजून तो फडावरच आहे. अन् मी, चौतीसवाला, मास्तर झालो. राज्य बदललं, बोर्ड बदलून राहिलं आहे, मी पोरांले शिकवून राहिलो आहे. हसा, हसा. मलेही कधी कधी हसू येते, अन् मंग येत नाही.

पण त्या दिवशी बकाराममामा आला तलावावरून. त्याले अजूनही असंच वाटत होतं का भाच्याले पेपर जमला नाही म्हणून तो पळाला. मले ते सहन नाही झालं. म्हटलं, “मामा, चूक याची नाही, माझी आहे. याचं उत्तर बरोबर होतं.” मामा म्हणते, “कोणतं उत्तर?” मी सांगितलं, डोंग्यातले दगड पाण्यात टाकले तं तलावाचं पाणी खाली जाते. मामा माझ्याकडे पाहून राहिला. म्हणते, “चाळीस सालं झाली, मी नाही पाहिलं. दाखव.”

जागेश्वर माझ्या कानाशी म्हणते, “एवढ्या तलावात दिसणार नाही गा. बादलीत दाखव.”

मी म्हटलं, “दिसते.”

म्हणजे पाहा. इतकं सारं होऊन, एक माणूस पुन्हा मले बरोबर सांगून राहिला होता, अन् मी पुन्हा… मले वाटलं, बादली म्हणजे लहानपणा, याचा न्याय याच्या तलावातच झाला पाहिजे. मामा जाळं खाली धरायले दगड बांधत असे, घासून गोल केलेले, मधात खाच पाडलेले. असे अकरा दगड डोंग्यात ठेवले. काठाजवळ बांबू रोवला, पाण्याच्या जागी दोरा बांधला. मामा बांबूजवळ उकिडवा बसला. मी अन् जागेश्वर डोंग्यात, काठापासून थोडे दूर. मी एकेक दगड उचलला अन् टाकला. अकराच्या अकरा. डोंगा वर आला तेवढा दिसला. लाटा गेल्या, पाणी शांत झालं. एवढा मोठा तलाव, दूरवर बगळे बसलेले, अन् मी ओरडून विचारून राहिलो, “मामा, किती गेलं?”

मामानं दोऱ्याजवळ नाक नेलं. बऱ्याच वेळानं म्हणते, “होतं तेवढंच आहे.”

आम्ही डोंगा काठाले आणला. मामा उभा राहिला, धोतर झटकलं, म्हणते, “याच्यापायी पोरगं परीक्षेले गेलं नाही?”

मी म्हटलं, “हो मामा.”

मामानं भाच्याकडे पाहिलं. मंग पाण्याकडे पाहिलं. मंग मले म्हणते, “अन् माझे दगड आता कोण काढून देईल?”

काय करता? धोतर खोचलं अन् उतरलो. छातीइतकं पाणी, खाली चिखल, पायानं चाचपायचं, दगड लागला का नाक धरून बुडी मारायची. जागेश्वर म्हणे, “तू राहू दे, मी काढतो.” मी म्हटलं, नाही, तू बस. दिवस कलेपर्यंत शोधले.

सात सापडले. चार तिथंच आहेत.